कोल्हापूरचा बाजार फिरायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईकडचे पाव्हणे येतात, अंबाबाईचं दर्शन घेतात, रंकाळ्यावर फोटो काढतात, तांबडा-पांढरा ओरपतात आणि मग विचारतात, "इथला बाजार बघायचा होता, कुठं जाऊ?" पुढचे प्रश्न साधारण ठरलेले असतात, म्हणून ते एकदाच लिहून काढले. उत्तरं देणारा इथलाच एक गिऱ्हाईक आहे, गाइड नाही आणि व्यापारीही नाही. त्यामुळे आवडीनिवडी दिसणारच.

कोल्हापुरात एकच मोठी मंडई आहे का?

नाही. इथं बाजारांनी कामं वाटून घेतली आहेत.

लक्ष्मीपुरी म्हणजे धान्य, कडधान्य, मिरची-मसाला आणि भाजी. रविवारी इथं आठवडी बाजार भरतो आणि मग रस्त्याचा कुठला भाग चालायचा आणि कुठला विकायचा हे कळेनासं होतं. महाद्वाराजवळ ताराबाई रोडला कपिलतीर्थ मंडई आहे. तिथं पूर्वी खरंच तीर्थ होतं, आता भाजीचे गाळे आहेत आणि त्या गर्दीतच शहराचं ग्रामदैवत कपिलेश्वर बसलेलं आहे. भाजीची पिशवी गाळ्याच्या कडेला ठेवून हात जोडणारी माणसं तिथं रोज दिसतात. शाहू मार्केट यार्ड हा घाऊक बाजार. गूळ, कांदा-बटाटा, फळं, भाजी, सगळं पोत्यांच्या आणि गाड्यांच्या हिशेबात. याशिवाय पेठापेठांतून रस्त्याकडेला बसणाऱ्या बायका आहेत, त्यांना कुठल्याही मंडईचं छप्पर लागत नाही.

एकच ठिकाण निवडायचं असेल तर रविवारची लक्ष्मीपुरी निवडा. देवदर्शनाला जोडून तासभरच असेल तर कपिलतीर्थ, पायी पाच-सात मिनिटांवर.

कोणत्या वेळी यावं?

सकाळी आठ ते अकरा. दुसरी पाळी संध्याकाळी पाचनंतर. दुपारी दीडला आलात तर पोत्यांवर आडवे झालेले दुकानदार आणि पाणी मारून झाकलेली मेथी, एवढंच बघायला मिळेल.

दिवस निवडता येत असेल तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीच्या सकाळी या. वरणा, पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजरं, वांगी, बोरं, उसाचे करवे, तीळ, सगळं एकदम बाजारात असतं आणि प्रत्येक घराला थोडं थोडं हवं असतं. त्या दिवशी बायका किलोनं विकायच्या भानगडीत पडत नाहीत, मिसळीची भाजी एकत्र करूनच विकतात. बाजरीच्या भाकरीला तीळ लावून त्या भाजीबरोबर खायचं. बाजाराला गर्दी म्हणजे काय असते ते कळायला दिवाळीतला महाद्वार रोडही चालेल, पण तो खाण्यापेक्षा कपड्यांचा बाजार.

कसं पोहोचायचं?

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आलात तर सकाळीच शाहू टर्मिनसला उतरता. तिथून लक्ष्मीपुरी रिक्षानं पाच-दहा मिनिटं. एसटीनं आलात तर मध्यवर्ती बसस्थानक स्टेशनला लागूनच आहे. केएमटीच्या बसही आहेत, पण पहिल्यांदा येणाऱ्यानं रिक्षा करावी हे बरं.

आणि गाडी?

बिंदू चौकाजवळच्या वाहनतळावर लावा आणि चाला. लक्ष्मीपुरीत रविवारी चारचाकी घालणाऱ्याला जे ऐकावं लागतं ते इथं लिहिता येत नाही.

आम्ही हॉटेलात उतरलोय. भाजी घेऊन करू काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझं सगळ्यात ठाम उत्तरही यालाच आहे. रिकाम्या हातानं बाजारात येऊ नका. कापडी पिशवी घेऊन या आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी विकत घ्या.

हातात नुसता मोबाइल घेऊन फिरणाऱ्याशी कुणी बोलत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांची धंद्याची वेळ असते. तेच पिशवीतून गाजराचे शेंडे बाहेर आलेले दिसले की "कुठलं गाव तुमचं?" पासून सुरुवात होते. मग ही काकडी कुठली, पाऊस कधी झाला, पोरगा काय करतो, सगळं कळतं. चुलीशिवाय खाता येईल असं पुष्कळ मिळतं. थंडीत हरभऱ्याचे डहाळे, गाजरं, पेरू, बोरं. पावसाळ्याच्या शेवटाला भुईमुगाच्या ओल्या शेंगा, कोवळ्या काकड्या. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि जांभळं. घरी न्यायला तर गूळ, मिरची, तांदूळ, काजू आहेतच, त्याबद्दल पुढे येईल.

भाव करावा का?

दोन वेगळी उत्तरं आहेत.

पाटी डोक्यावर घेऊन करवीर, पन्हाळा तालुक्यातल्या गावातून आलेली बाई चार पेंड्या कोथमीर आणि दोन वाटे वांगी घेऊन बसली असेल, तर तिच्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालू नका. एसटीचं भाडं आणि बसायच्या जागेचं पाहून त्यात तिला काय उरतं ते सहज लक्षात येईल. "मावशी, वर दोन मिरच्या टाका की" एवढं मात्र हक्कानं म्हणा. हे भाव करण्यात धरत नाहीत आणि न म्हटलं तर तिलाच चुकल्यासारखं होतं.

फळवाल्याकडे, सुक्या मेव्याच्या दुकानात आणि मिरचीच्या ढिगापाशी भाव केलाच पाहिजे. तिथं पहिला सांगितलेला दर हा बोलण्याची सुरुवात असते. चार ठिकाणी विचारा, मग परत पहिल्याकडे या. तोही तुमची वाटच बघत असतो.

संध्याकाळी सातनंतर पालेभाजी उतरते, कारण शेवटच्या एसटीच्या आत पाटी रिकामी करायची असते. त्या वेळी मिळणारा दर हा घासाघीस करून मिळालेला नसतो, तो घड्याळानं दिलेला असतो. घ्या, पण स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका.

वाटा, पेंडी... ही मापं कशी समजायची?

पालेभाजी पेंडीवर, म्हणजे बांधलेल्या जुडीवर मिळते. वांगी, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबं यांचे छोटे ढीग लावलेले असतात, तो वाटा. वाट्यात वजन विचारायचं नसतं, नजरेनं ठरवायचं. बाकी किलो, पावशेर आहेच. एक सूचना: वाट्यातली वरची वांगी बघून घेऊ नका, हात घालून खालची बघा. विकणारी बाई स्वतः गिऱ्हाईक असली की हेच करते.

कोल्हापुरी चटणीसाठी मिरची घ्यायची आहे. कोणती?

चटणी म्हणजे इथं वर्षभराचं लाल तिखट, ते डोळ्यांसमोर ठेवून बोलू.

पहिली गोष्ट, "कोल्हापुरी मिरची द्या" असं म्हणू नका. दुकानदार नाही म्हणणार नाही आणि तिथंच तुमची पंचाईत होईल. एका मिरचीची चटणी कुणी करत नाही. रंगाला ब्याडगी लागते. ती कर्नाटकातली, सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला बेताची. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिखटपणाला संकेश्वरी, लांबट, बारीक. संकेश्वर गाव सीमेपलीकडे कर्नाटकात, पण या मिरचीचा गडहिंग्लजच्या बाजाराशी जुना संबंध आहे. चांगली संकेश्वरी महाग असते, म्हणून बरेच जण गुंटूरवर भागवतात. ज्यांच्या घरात तिखटाची हौस आहे ते वर मूठभर लवंगी मिरची घालतात. प्रमाण घराघराचं वेगळं आणि ते सासू सुनेलासुद्धा पहिल्या वर्षी पूर्ण सांगत नाही.

हंगाम फेब्रुवारी ते मे. तेव्हा लक्ष्मीपुरीत शिरताना आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात. मिरची घेताना एक मोडून बघा. कडकन मोडली आणि आत बी खुळखुळलं तर वाळलेली आहे. वाकली तर दमट आहे, घरी जाऊन बुरशी येईल. पांढुरकी पडलेली, म्हणजे फटकी, जास्त निघाली तर पुढच्या दुकानात जा. देठासकट मिरची स्वस्त आणि बिनदेठाची महाग असते. वेळ असेल तर देठासकट घ्या, कारण देठ असलेली मिरची जास्त टिकते.

मसाल्याच्या दुकानात जाऊन "दोन किलो मिरचीचा मसाला द्या" एवढंच म्हणा. धणे, जिरे, तीळ, सुकं खोबरं, खसखस, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलदोडा, दगडफूल, नाकेश्वर, तमालपत्र, जायपत्री, हळकुंडं अशा पुड्या तो न विचारता बांधत जातो. घरी मिरची दोन-तीन दिवस उन्हात घालायची, मसाले तेलावर वेगवेगळे तळायचे आणि सगळं डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर न्यायचं. कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ तिथंच कुटताना पडतं. डंखावर नंबर लावून बसलेल्या बायकांच्या गप्पा हा बाजारातला सर्वात मोकळा भाग आहे. पाव्हण्यांनी दाराशी उभं राहून ऐकायला हरकत नाही, नाकाला रुमाल मात्र लावा.

इतका खटाटोप जमणार नसेल तर बचत गटांच्या बायकांनी केलेली तयार कांदा-लसूण चटणी पावशेर घ्या. बरणीत भरताना मध्ये हिंगाचे खडे ठेवा.

गूळ कसा ओळखायचा? पिवळा की काळपट?

कोल्हापूरचा गूळ हे या शहराच्या पैशाचं मूळ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढं हा व्यापार मार्केट यार्डात गेला. आजही दिवाळी पाडव्याला यार्डात गुळाचे सौदे मुहूर्तानं निघतात आणि इथला पुष्कळ माल गुजरातला जातो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता रंगाचं. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळताना मळी वर येते, ती काढायला रानभेंडीचं पाणी आणि चुना वापरतात. ही जुनी रीत. रंग पिवळाधमक यावा म्हणून हायड्रॉस नावाची पावडर घालतात, ती नवी. व्यापाऱ्याला पिवळा गूळ हवा, कारण गिऱ्हाइकाला पिवळा हवा. म्हणजे दोष फक्त गुऱ्हाळवाल्याचा नाही. ही साखळी आपल्यापासून सुरू होते.

म्हणून काळा तेवढा चांगला, असंही समजू नका. जमीन खारवट असली, ऊस पडका असला किंवा गुळव्याचा हात चुकला तरी गूळ काळा होतो. आणि "सेंद्रिय" ची चिठ्ठी चिकटवायला फारसं काही लागत नाही. मी तीन गोष्टी बघतो. तुकडा जिभेवर ठेवला की आधी गोड लागला पाहिजे, खारट नाही. तोडल्यावर कण रवाळ दिसले पाहिजेत, पण साखरेसारखे चमकणारे नकोत, कारण स्वस्त साखर मिसळून केलेला गूळ बाजारात येतो ही जुनी तक्रार आहे. बाहेरून आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून खपवतात ही दुसरी तक्रार. तिसरी गोष्ट दुकानदाराला विचारायची: "कुठल्या गुऱ्हाळाचा?" ज्याला गावाचं नाव पटकन सांगता येतं त्याच्याकडून घ्या.

तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, तुम्हाला लागणार नाही. एक किलोचे आणि पाच किलोचे रवे मिळतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आलात तर बाजारात घेण्यापेक्षा शहराबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, चिमणीचा धूर दिसेल तिथं थांबा. आधी चुलवाणाजवळच्या माणसाला रामराम घाला. गरम गूळ हातावर मिळतो, उसाचा रस बहुतेक फुकट मिळतो, आणि काकवी बाटलीत भरून घेता येते. बाटली आपली न्या.

यार्डातले सौदे पाव्हण्यांना बघता येतात का?

लांब उभं राहून बघायला कुणी अडवत नाही. पहाटे जा, मध्ये येऊ नका, हमालाच्या वाटेत तर मुळीच नको. पाठीवर पोतं असलेला माणूस थांबत नसतो.

घरी न्यायला आणखी काय?

आजरा घनसाळ तांदूळ. दाणा बारीक, शिजताना शेजारच्या घरात वास जातो. २०१६ मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. वास न घेता पैसे देऊ नका. तांदूळ तळहातावर चोळा आणि हुंगा, दुकानदार रागवत नाही. रागवला तर तांदूळ घनसाळ नाही. चंदगड-आजऱ्याकडचे काजू, गगनबावडा-भुदरगडकडची नाचणी, भुदरगडातल्या पाटगावचा मध हेही चांगलं. भाकरीसाठी जोंधळा घ्यायचा तर पीठ न घेता दाणे घ्या आणि घरी दळून आणा, कारण जुन्या पिठाची भाकरी वळता येत नाही, चिरते.

पावसाळ्यात यावं का?

खाणाऱ्यानं जरूर यावं. जून-जुलैत डोंगरभागातल्या बायका रानभाज्या घेऊन येतात: कुर्डू, टाकळा, पाथरी, भारंगी, शेवाळं, कोवळं अळू. नाव माहीत नसलेली भाजी दिसली तर विकणाऱ्या बाईलाच विचारा, ती करायची रीतही सांगते आणि कुठली भाजी दोनदा उकळून पाणी टाकायचं हेही सांगते. तो भाग नीट ऐका. शेवाळं नीट शिजवलं नाही तर घसा धरतं.

पण अंदाज बघून या. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं की शहराची नाकेबंदी होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. अशा आठवड्यात भाजीच येत नाही, आलेली परवडत नाही, आणि शहर दुसऱ्याच कामात असतं.

आणि उन्हाळ्यात?

रानमेवा. शाहूवाडी, राधानगरीकडून करवंदं, जांभळं, फणस. पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायका पावसाच्या पहिल्या सरीबरोबर दिसेनाशा होतात. हापूस कोकणातून घाट चढून येतो आणि इथं तो "देवगड" या एकाच नावानं विकला जातो, मग झाड कुठलं का असेना.

मटण मार्केटबद्दल फार ऐकलंय. तिथलं काय?

कोल्हापुरी माणूस पेट्रोलचे भाव वाढले तर वैतागतो, मटणाचे वाढले तर रस्त्यावर उतरतो. २०१९ च्या अखेरीला हे खरोखर घडलं. दर वाढला तेव्हा गावागावांतून विरोध झाला, ग्राहकांची कृती समिती उभी राहिली, विक्रेत्यांबरोबर बैठकांवर बैठका झाल्या. बाहेरच्यांना हा विनोद वाटला. इथं तो घरखर्चाचा प्रश्न होता.

रविवारी आणि बुधवारी सकाळी दुकानांपुढे रांगा असतात. नुसतं "एक किलो द्या" म्हणू नका. कशासाठी पाहिजे ते सांगा. सुक्क्याला मांडीचं, रश्श्याला हाडासकट, सीना आणि चाप मिसळून. मुंडी आणि रक्ती आवडणारे वेगळी सांगून ठेवतात आणि उशिरा येणाऱ्याला ती मिळत नाही. आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईदेवीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक या वाद्यांच्या गजरात टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि गल्लीगल्लीत मटणाचे वाटे पडतात. त्या दिवसांत हॉटेलात जाऊ नका. गल्लीतल्या कुणाची ओळख काढा.

श्रावण लागला की हीच दुकानं ओस पडतात. त्या महिन्यात तांबडा-पांढरा मिळतो, पण बहुतेक पाव्हणेच खाताना दिसतात.

सगळं इतकं तिखट असतं का? आम्हाला सोसेल?

सोसेल. तिखटाची ही ख्याती बाहेरच्या हॉटेलांनी वाढवून ठेवली आहे. "व्हेज कोल्हापुरी" नावाची जी लाल भाजी देशभर मिळते ती कोल्हापुरात घरी कुणी करत नाही. इथल्या रश्श्याला रंग ब्याडगीचा आणि चव भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याची असते. पांढऱ्या रश्श्यात तर लाल मिरचीच नसते. नारळाचं दूध, खसखस, तीळ, आलं-लसूण आणि खडा मसाला, एवढ्यावर तो उभा असतो. तांबडा झेपला नाही तर पांढरा प्या. दोन्ही वाट्या एकत्र ओतू नका, वाढणारा बघत असतो.

बाजारात फिरता फिरता खायचं काय?

सकाळी मिसळ. इथली मिसळ पावाच्या स्लाइसबरोबर येते आणि वरच्या लाल रश्श्याला कट म्हणतात. कट पुन्हा मागितला तर मिळतो. कोणाची मिसळ चांगली हे विचारू नका. फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग अशी नावं घेतली की घराघरांत दोन पक्ष पडतात आणि पाव्हण्याला मध्ये उभं राहावं लागतं. दुपारी बारानंतर गेलात तर भांडं रिकामं झाल्याचं ऐकायची तयारी ठेवा.

संध्याकाळी खासबाग मैदानाजवळची खाऊ गल्ली. भेळ, वडे, लोणी डोसा, अंड्याच्या गाड्या. गर्दी असते, आवाज असतो, बसायला जागा नसते. शेजारचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीसाठी बांधलं. इथल्या खाण्यावर तालमीचा हात आहे आणि तो गंगावेशेत जास्त स्पष्ट दिसतो. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि डोळ्यांदेखत धार काढून फेसाळतं दूध पेल्यात देतात. बदामाची थंडाई आणि हे धारोष्ण दूध हा पैलवानांचा खुराक. पोट नाजूक असेल, बरोबर लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर कच्चं दूध टाळा आणि उकळलेलं मागा. कट्ट्यावरचा अनुभव बघूनही घेता येतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

झुणका, भाकरी, खर्डा, वांगं, आमटी, दही. उपाशी राहिलात तर तुमच्याच हट्टानं.

बोली समजेल का?

समजेल. वेग मात्र सवयीचा नसेल.

"काय दिऊ पाव्हणं?"
"मेथी कशी, मावशी?"
"वीसला पेंडी. आत्ता रानातनं आणलीया, बघा की हात लावून."
"दोन द्या. वर कोथमीर घाला थोडी."
"घालती की. पिशवी धरा."

वयस्कर बाईला मावशी, आक्का किंवा काकी, माणसाला मामा किंवा दादा. तरुण पोरगा असेल तर "भावा". तो तुम्हालाही भावाच म्हणेल, वय काहीही असो. आवाज चढलेला ऐकू आला तर भांडण समजू नका. त्यातलं निम्मं नुसतं बोलणं असतं.

पैसे मोबाइलवरून देता येतात का?

गाळेवाल्यांकडे, गाड्यांवर, मसाल्याच्या दुकानात सगळीकडे क्यूआरचा चौकोन आहे. पण पाटी घेऊन बसलेल्या मावशींचा क्यूआर बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या खात्याचा असतो आणि पैसे आले की नाही हे तिला शेजारणीला विचारावं लागतं. दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा. सकाळी आठला पाचशेची नोट काढणारा पाव्हणा कुणालाच आवडत नाही.

फोटो काढले तर चालेल?

भाजीचे खुशाल काढा. माणसाचा काढायच्या आधी विचारा आणि विचारण्याआधी काहीतरी घ्या. बहुतेक जणी पदर सावरून बसतात. एखादी "नको" म्हणते, तिथं विषय संपला. चेहऱ्यासमोर कॅमेरा धरून दुसऱ्या कुणाशी तरी बोलत व्हिडिओ करणाऱ्यांना इथं आता लोक कंटाळले आहेत.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर?

कपिलतीर्थला न्या, रविवारच्या लक्ष्मीपुरीत नको. स्वच्छतागृहाची सोय हॉटेलात किंवा बसस्थानकावर आधीच उरकून घ्या. जमीन ओली आणि पालापाचोळ्यानं निसरडी असते. नुकत्याच घेतलेल्या कोल्हापुरी चपला घालून पावसात मंडईत शिरू नका. चामडं भिजलं की पायताण गेलं, आणि ती विकणारा दुसऱ्या दिवशी तुम्हाला हेच सांगेल.

प्रवासात हे सगळं न्यायचं कसं?

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी कुठं कुठं मिळतात, पण त्यांच्या भरवशावर येऊ नका. दोन कापडी पिशव्या आणि एक झाकणाचा डबा पुरतो. गूळ कागदात गुंडाळून वर कापड बांधा, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये घातला की गाडीत घाम येऊन पाझरतो. तयार चटणी काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा आणि डबा कपड्यांच्या बॅगेत चुकूनही ठेवू नका. सुकी मिरची पोत्याच्या तुकड्यात बांधून वरच्या बर्थवर टाका. मात्र एसी डब्यात खिडकी उघडत नाही आणि खाली बसलेल्यांना साताऱ्यापर्यंत शिंका येत राहतात, तेव्हा मिरचीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधा. काकवीची बाटली हातात धरा. विमानानं जाणार असाल तर ती केबिनमध्ये नेता येत नाही, सामानात द्यावी लागते, आणि तसं देण्यापेक्षा रेल्वेचं तिकीट काढलेलं बरं.